आधी बसणार कोण ते सांगा

दोन हजार सोळा साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि त्या वयात पहिल्यांदा माझ्या नावावर चार चाकं लागली. पिकअप जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण इंजिन दणकट. त्याआधी जन्मभर बैल हाकले, मग दुसऱ्याचा ट्रॅक्टर हाकला. गाडी दारात आली त्या दिवसापासून मी चालायचं सोडून मिरवायला लागलो, असं भावकीतले अजून म्हणतात. म्हणोत. गाडी माझी होती.

मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते म्हणून नारायणगावला गेलो. जुन्नरच्या रस्त्याला एक पत्र्याचं दुकान होतं, त्याला पाटी नव्हती. मालक माझ्याच वयाचा. बुटका, पण मनगटं पैलवानाची. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, सकाळी पांढरी आणि दुपारपर्यंत काळी. जुन्नरहून पहिल्या एस.टी.नं यायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो जाऊन आता तीन वर्षं झाली, घरच्यांना आवडेल न आवडेल. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो.

मी गाडीतून उतरलो आणि दारात पडलेल्या एका टायरवर बसलो. टायरच्या दुकानात माणूस टायरवरच बसतो, सगळीकडं बसतो. हा आतनं आला आणि म्हणला, "उठा."

"का रं?"

"त्ये बसायचं न्हाई. बाज हाय, बाजंवर बसा."

"बसल्यानं झिजतंय व्हय?"

"झिजत न्हाई. पण ज्याच्या गाडीला लावणार त्याची बायकापोरं ह्याच्या भरवशावर जाणार. ह्याच्यावर बूड टेकायचं न्हाई माझ्या दुकानात."

मी उठलो. एकसष्ट वर्षांत मला कुणी असं उठवलं नव्हतं. राग आला होता, तरी उठलो, कारण त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. देवळात चप्पल काढा असं पुजारी सांगतो ना, तसा तो बोलला.

म्हणलं, "दोन टायर दे. मागचे."

दुसरे दुकानदार साइज विचारतात, कंपनी विचारतात. यानं विचारलं, "भरणार काय?"

"टोमॅटो."

"जाणार कुठून कुठं?"

"राजुरीच्या शिवारातनं हितं मार्केटला."

"बसणार कोण?"

"मी बसणार. गाडी माझी हाय."

"तुमी पुढं. मागं कोण?"

मी म्हणलं, मागं कोण बसतंय, मागं क्रेट. बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या फाळक्याजवळ उभा राहिला. तिथं लोखंडावर ओल्या मातीचे पाय उमटलेले होते, आठ-दहा जणींचे, चढताना टेकलेले. त्यानं ते पाय बोट लावून मोजले आणि परत आत आला.

"पाटील," तो म्हणला, "आधी बसणार कोण ते सांगा. मग टायर."

आमच्या घरात पाटीलकी सात पिढ्यांत नव्हती. पण त्यानं पाटील म्हणलेलं मला बरं वाटलं, म्हणून मी शेवटपर्यंत ते दुरुस्त केलं नाही.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं टोमॅटोचा तोडा सुरू झाला की मजूर बाया आंबेगावच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरून येतात, डिंभ्याच्या पलीकडून. सकाळी गाडी त्यांना घेऊन येते. दुपार कलली की त्याच गाडीत क्रेट भरायचे आणि क्रेटांवर बाया बसवायच्या. नारायणगावच्या मार्केटात क्रेट उतरायचे आणि गाडी तशीच पुढं घोडेगावावरून बायांना वाडीवर सोडून यायची. एका फेरीत दोन कामं. सगळे असंच करतात. रस्त्यात कुणी विचारलं, किती भरलंय, तर आम्ही क्रेट सांगतो. साठ भरलेत. बाया कुणी सांगत नाही. लपवायच्या म्हणून नव्हे. त्या वजनात धरायच्या असतात हेच कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

भाईच्या दुकानात पाठीमागच्या भिंतीवर चुन्यावर कोळशानं आकडे लिहिलेले होते. एका बाजूला शंभर, एकशेचार, एकशेसहा, एकशेआठ, एकशेबारा. दुसऱ्या बाजूला त्यांच्यासमोर आठशे, नऊशे, साडेनऊशे, हजार, अकराशेवीस. माझ्या जुन्या टायरवर बोट फिरवून तो म्हणला, "ह्यो एकशेसहाचा."

मला अक्षर जेमतेम येतं, पण आकडा मला कुणी शिकवू नये. मी म्हणलं, "एकशेसहा किलोचा टायर घालून मी गाडी चालवतोय व्हय? माझा एक बैल चारशेचा व्हता!"

दुकानात दोन ड्रायव्हर होते ते हसले. भाई हसला नाही. "शाळा किती झाली तुमची?"

"तिसरी."

"माझी दुसरी. म्हंजे तुमी मोठे. पण ह्यो आकडा शाळंतला न्हाई, कंपनीनं घातलेला हाय. एकशेसहाचा अर्थ साडेनऊशे किलो. एका टायरवर. त्ये बी हवा पुरी असली तर. हवा कमी तर आकडा बी कमी. भिंतीवर बघा आणि पाठ करा."

मी पाठ केले. अजून पाठ आहेत.

त्या दिवशी त्यानं टायर दिलाच नाही. म्हणला, उद्या गाडी भरून या, बायांसकट, आणि आधी वजनकाट्यावर चला. मी म्हणलं, तू टायर विकतो का पोलिसात हाय? तो म्हणला, "दुसरं दुकान पुढं हाय. तिथं काय इचारत न्हाईत." आणि पान्हा पुसायला लागला.

मी हट्टी माणूस. मला कुणी पुढचं दुकान दाखवलं की मी तिथं जात नाही. दुसऱ्या दिवशी साठ क्रेट आणि दहा बाया घेऊन मी काट्यावर हजर. भाई दुकान उघडं टाकून आला. त्यानं गाडी सगळी काट्यावर घेऊ दिली नाही. फक्त मागची चाकं. पुढची बाहेर. काटेवाला म्हणला, असं वजन कोण करतं? भाई म्हणला, "मी करतो."

बायांना वाटलं काही तरी पकडापकडी आहे. त्यांच्यात हौसाबाई नावाची एक होती, चाळिशीची, तोंडाची फटकळ. ती क्रेटांवरनं ओरडली, "आमचं वजन कशाला करतायसा? जास्त भरलं तर मजुरी वाढणार हाय का?"

भाई खालून म्हणला, "मजुरी न्हाई वाढायची, बाई. पण मोजात तरी याल."

हौसाबाई म्हणली, "मोजा मग. नीट मोजा. सकाळी दोन भाकरी खाल्ल्यात, त्या बी धरा." सगळ्याजणी हसल्या. भाईनं मान हलवली, जणू भाकरी खरंच धरल्या.

मागच्या दोन चाकांवर बावीसशे किलो भरलं. एकशेसहाचे दोन टायर मिळून एकोणीसशे. भाईनं काट्याची चिठ्ठी हातात घेतली. "पाटील, बाया उतरवा. क्रेट टाकून परत या आणि मग त्यांना न्या. मग एकशेसहाचेच नवे टायर पुरत्यात."

"दोन फेऱ्या? डिझेल तू घालणार का?"

"मग दहा-पंधरा क्रेट कमी करा, आणि दोघी-तिघी पुढच्या फेरीला."

"भाई, तू टायर देणार हाईस का न्हाई? सगळ्यात मोठा आकडा असल तो दे."

तो मागं-पुढं करत होता. मला आठवतं, त्यानं टोपी काढून परत घातली. शेवटी आतून एकशेबाराचे तीन काढले. हाताची थाप मारून आवाज ऐकला, पहिला बाजूला ठेवला, दुसरा, तिसरा ऐकला आणि ते दोन निवडले. "दोन्ही मिळून बावीसशेचाळीस. तुमचं वजन बावीसशे. चाळीस किलो शिल्लक. दोन क्रेट बी बसत न्हाईत त्यात. आणि ध्यानात ठिवा, टायर बदललाय. गाडी बदलली न्हाई. आक्सल त्योच, बिरेक त्योच."

"कळलं, कळलं," मी म्हणलं.

त्यानं सांगितलं होतं. हे मी कबूल करतो. त्यानं सगळं सांगितलं होतं.

पुढं दोन वर्षं मी त्याच्याकडं जात राहिलो. काम नसलं तरी जायचो. त्याच्या तऱ्हा बघायला मजा यायची. गरम टायरमध्ये तो हवा भरायचा नाही. धावत आलेली गाडी असली तर म्हणायचा, "तापलीय. गरम हवा खोटं बोलती. चहा घ्या, तासाभरानं या." लोक शिव्या देऊन निघून जायचे. तो सकाळी आठच्या आत आलेल्यालाच हवा द्यायचा. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला त्याचे. तो त्याला टायरचा जन्म म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी जन्मलेला टायर नवा कोरा असला, कागद चिकटलेला असला, तरी गाडीला विकायचा नाही. बैलगाडीवाल्याला देऊन टाकायचा. "बैल चालंल तेवढंच चाक फिरंल," म्हणायचा. "त्याला घाई न्हाई."

एकदा माझ्यासमोर लग्नाचं वऱ्हाड आलं. लेण्याद्रीच्या बाजूला लग्न होतं. पिकअपमध्ये मागं तीस-पस्तीस माणसं कोंबलेली आणि पुढं नवरदेव मुंडावळ्या बांधून. टायर पंक्चर. भाईनं चाक काढलं, पंक्चर काढलं आणि चाक हातात धरून उभा राहिला. बसवेना. म्हणला, "पंधरा माणसं उतरा. मग लावतो."

नवरदेवाचा मामा भडकला. "मुहूर्त टळतोय इथं! तुला काय करायचंय माणसांशी?"

"मुहूर्त दुसरा निघंल," भाई म्हणला. "नवरदेव दुसरा कुठनं आणताय?"

मामा अंगावर आला. भाई चाक धरून तसाच. शेवटी नवरदेव स्वतः खाली उतरला आणि म्हणला, मामा, उतरा तुमी बी. पंधरा माणसं रस्त्यावर राहिली आणि जीपनं गेली. लग्न अर्धा तास उशिरा लागलं म्हणे. नवरदेव पुढं प्रत्येक दिवाळीला भाईकडं फराळाचा डबा आणायचा.

दुकानाच्या मागच्या अंगाला त्यानं फुटलेले टायर टांगले होते. भंगारवाल्याला द्यायचा नाही. प्रत्येकावर खडूनं गावाचं नाव. मालकाचं नाव नाही. नवं गिऱ्हाईक उलटं बोललं की त्याला तिकडं न्यायचा आणि म्हणायचा, बोट घाला. फाटलेल्या भोकात बोट घातलं की आतली तार टोचते. तेवढंच.

मी हे सगळं बघत होतो आणि त्याच दोन वर्षांत माझे साठाचे पासष्ट क्रेट झाले, पासष्टाचे सत्तर. टायर बसत नव्हता. फुगत नव्हता. गाडी मागून दबायला लागली तर मी लोहाराकडून मागच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन जादा पाटे घालून घेतले. मग गाडी दबायचीसुद्धा थांबली. भाईनं ते पाटे पाहिले तेव्हा वाकून पाहिले आणि म्हणला, "कंबर बांधून घेतली, पाटील. पाय त्येच हायेत ना?" मी म्हणलं, पाय तूच दिलेत, एकशेबाराचे. तो उठून आत गेला. मला वाटलं मी जिंकलो.

माझी चूक ही होती, आणि ती नीट लिहितो. अडाणी माणूस आकडा वाचत नाही म्हणून चुकतो असं लोक समजतात. मी आकडा वाचूनच चुकलो. एकशेबारा हा आकडा टायरचा आहे, आणि मी तो गाडीचा धरला. मजबूत टायर मिळाला म्हणून मला भरायची मुभा मिळाली असं मी समजलो. आणि बाया मी परत मोजल्या नाहीत. एकदा मोजल्या होत्या ना.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात ऐंशी क्रेट होते आणि दहा बाया. दुपार कललेली. राजुरीहून निघालो, कालव्याच्या पुलाजवळ वळण आहे तिथं मागून कडाक असा आवाज झाला. आक्सल तुटला होता. मागचं डावं चाक जाग्यावरून निसटलं, रस्ता सोडून कांद्याच्या रानात पळत गेलं. गाडी डावीकडं बसली आणि कलंडली. क्रेट सांडले, बाया सांडल्या. सगळा रस्ता लाल झाला. टोमॅटो होता तो बहुतेक. मला ते कळायला वेळ लागला.

आठजणींना खरचटलं, एकीचं मनगट मोडलं. हौसाबाईचा उजवा पाय क्रेटांच्या आणि फाळक्याच्या मध्ये सापडला होता. ती ओरडत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

लोक धावले. एक जण, मी त्याला ओळखतही नाही, गाडीखाली वाकून म्हणला, "टायर फुटला वाटतं."

मी म्हणलं, "हा. फुटला."

एवढंच. दोन शब्द. मला कुणी विचारलंही नव्हतं, त्यानं उत्तर हातात दिलं आणि मी घेतलं. माणसाच्या तोंडात आलेलं खोटं थुंकता येतं, पण दहा माणसांनी ते ऐकलं की मग ते आपलं राहत नाही. दुसऱ्या कुणाची गाडी बायांना घेऊन दवाखान्यात गेली, गाव गोळा झालं, आणि संध्याकाळपर्यंत आळेफाट्यापर्यंत झालं होतं की टायर फुटला. पोलिसात कुणी गेलं नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवली म्हणून सगळ्यांच्याच अंगावर आलं असतं. दिवस मावळायच्या आत मी कांद्याच्या रानातून चाक उचललं आणि गोठ्यात कडब्यामागं ठेवलं.

दवाखाना मी केला. त्यात मागं सरलो नाही. हौसाबाईच्या मांडीचं हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड झाला. पुन्हा तोड्याला येणं झालं नाही.

चौथ्या दिवशी भाई घरी आला. कधी येत नव्हता. एस.टी.नं आला, दुकान बंद ठेवून. चहा घेतला नाही. "चाक कुठाय?" म्हणला.

मी गोठ्यात नेलं. तो चाकापाशी उकिडवा बसला. खिशातून हवा मोजायचं यंत्र काढलं आणि लावलं. पासष्ट पौंड. जेवढी त्यानं भरली होती तेवढी. बाहेरच्या बाजूनं हात फिरवला, आतल्या बाजूनं हात फिरवला. एक चीर नाही. म्हैस त्याच्या टोपीचा वास घेत होती.

"पाटील," तो म्हणला, "ह्याच्यात हवा हाय की हो."

तो उठला, हात झाडले आणि स्टँडवर गेला. मी वाट बघत राहिलो की आता तो सांगणार, दुकानात सांगणार, जुन्नरला सांगणार. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस गेले, महिना गेला, नाही सांगितलं.

उलट त्याचंच हसं झालं. ड्रायव्हर लोक दुकानावरून जाताना गाडी हळू करून विचारायचे, "भाई, राजुरीचा टायर टांगला न्हाई व्हय मागं?" कुणी म्हणायचं, "बायांची वजनं करत बसला आणि टायर हलका दिला." हलका. जन्मभर तोलून दिलेल्या माणसाला हलका. गिऱ्हाईक तुटलं. सकाळी आठच्या आत हवेला येणारे दुसरीकडं गेले, तिथं कधीही आलं तरी हवा मिळायची. मी मात्र जात राहिलो. का जात होतो ते मला सांगता येत नाही. त्याच्यासमोर गेलो नसतो तर मी पळालो असं झालं असतं, आणि पळणं माझ्या स्वभावात नाही. तोही मला पाटीलच म्हणायचा, हवा भरून द्यायचा. बाजंवर बसा म्हणायचा.

चार महिन्यांनी एका सकाळी मी तिथं होतो. गाडीचा आक्सल बदलला होता, हवा बघायला आणली होती. दुकानात आणखी चार-पाच माणसं. तेवढ्यात एक माणूस आला, अंगात पांढरा सदरा, पायात रबरी चप्पल, डिंभ्याकडच्या गाडीनं उतरलेला. मी त्याला ओळखलं. हौसाबाईचा धाकटा भाऊ. त्यानं मला पाहिलं नाही. किंवा पाहिलं, पण तो माझ्यासाठी आला नव्हता.

"तुमीच का टायर देता?" त्यानं भाईला विचारलं.

"मीच."

"पिकअपला दिला व्हता. आमच्या बाया व्हत्या वर."

"व्हय. मीच दिला."

"माझ्या भनीचा पाय गेला त्यात. वर वाडीवर आमी लाकूड, पानी सगळं चढावरनं आणतो. ती आता उंबऱ्यात बसून असती. मी दोन म्हयनं यायचं म्हणत व्हतो, आज आलो. तुमाला तोंडावर इचारायला. असला टायर कसा दिला वो तुमी? तिनं तुमाला भाकरी बी धरायला सांगितल्या व्हत्या. ती सांगती अजून."

भाईनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी बाजंवर होतो, हातात चहाचा पेला. मी पेल्यात पाहिलं.

भाई त्या माणसाकडं वळला, टोपी काढली आणि म्हणला, "चूक झाली, बाबा. माझी चूक झाली. माफी मागायला मी यायला पायजे व्हतं, तुला यावं लागलं."

त्या माणसाला भांडायचं होतं. समोरचा भांडेना तर त्याला काय करावं कळेना. त्याचे डोळे भरले आणि तो आला तसा गेला. चार-पाच माणसांतले दोघं हळूच गाड्या काढून निघून गेले. बाकीचेही गेले. आम्ही दोघं राहिलो.

मला असा संताप आला की पेला मी जमिनीवर आपटला. "तुला कुणी सांगितलं व्हतं चूक घ्यायला? चाक तू बघितलंस! हवा मोजलीस! तू कोण माझी चूक तुझ्या डोक्यावर घेणारा?"

"ओरडू नगा."

"ओरडणार! चूक माझी, आणि ती मला ठिवायची न्हाई? मी काय पोर हाय? मी काय बाई हाय, पदराखाली झाकायला?"

तो बाजंवर बसला, माझ्या शेजारी. त्याच्या बाजंवर तो कधी बसत नव्हता. आणि त्यानं मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"ऐक. मी खोटं न्हाई बोललो. टायर फुटला असं मी म्हणलो का? म्हणलो, चूक झाली. झाली. त्या दिवशी काट्यावर चिठ्ठी माझ्या हातात व्हती. बावीसशे. मला दिसत व्हतं, हा माणूस बाया उतरवणार न्हाई. मला म्हणायला पायजे व्हतं, टायर न्हाई देत, जा. मी मोठा टायर दिला. तुला वाटलं, आता चालतंय. तसं वाटणार ह्ये मला ठाऊक व्हतं. तीस वर्सं ह्यो धंदा केलाय. मी तुला आकडा दिला आणि त्याच्याबरूबर हौस बी दिली. तेवढी माझी. तुझी तुझ्यापाशी हाय, ती मी घेतली न्हाई. ती माझ्या डोक्यावर बसायची बी न्हाई."

तो उठला, फुटलेल्या पेल्याचे तुकडे उचलले, माझ्या गाडीच्या मागच्या टायरला यंत्र लावलं. "बरूबर हाय," म्हणला. "जावा आता."

घरी येताना कालव्याच्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली पाणी चाललं होतं. मला वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला अपमान वाटत होता. पासष्टीकडं झुकलेला माणूस मी, कधी कुणाचा उसना बैलसुद्धा जुंपला नाही, आणि माझ्या गाडीखाली जे झालं त्याची माफी दुसरा माणूस टोपी काढून मागतो, आणि मी चहाच्या पेल्यात बघतो. हौसाबाई चार महिने उंबऱ्यात बसून भलत्या माणसाला शिव्या देत होती. मला देत नव्हती. मी दवाखान्यात गेलो की उलट ती माझ्यासाठी उठून बसायची, म्हणायची, तुमचं बी लई नुकसान झालं.

त्या दिवशी मी जेवलो, जनावरांचं केलं, झोपलो. झोप लागली. ठरलं की मला झोप लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली नाही. एस.टी.नं नारायणगाव, तिथून मंचर, मंचरवरून घोडेगाव, पुढं डिंभ्याच्या पलीकडं जीप मिळते ती धरली आणि शेवटचा चढ पायी चढलो. वाडीत पोचलो तेव्हा उन्हं अंगणात आली होती. हौसाबाई उंबऱ्यातच बसली होती, आखूड पाय पुढं पसरून, वाल सोलत. भाऊ अंगणात लाकडं फोडत होता. शेजारच्या चार-सहा बाया होत्या, त्यातल्या तिघी माझ्या गाडीतल्याच. मला पाहून भावानं कुऱ्हाड ठेवली. हौसाबाई भिंतीला धरून उठायला लागली. आतल्या कुणाला तरी म्हणली, "पावणं आल्यात, पाट मांडा. पानी आणा." आणि माझ्याकडं बघून, "एवढ्या लांब कशाला आलायसा वो? बसा की. पानी घ्या आधी."

तांब्या माझ्यासमोर आला. मी हात मागं घेतले.

"पानी मागनं," मी म्हणलं. "आणि बसत बी न्हाई. तुमी बसा, हौसाबाई. सगळ्याजणी हिकडं या. टायर फुटला नव्हता."